टाचणीकाकूंचा ज्यूडो

टाचणीकाकूंना हे नाव पडलं ते त्यांच्या ओठांमुळे. दिवसातले आठ तास त्यांच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या न काढता बोलायची कला त्यांना साधली होती. "हात वर करा. श्वास सोडा. पोट आत ओढू नका, मापाला फसवून काय उपयोग?" हे सगळं त्या ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, बाई रागावल्यात. जुन्यांना ठाऊक होतं की काकू रागावल्या तर आधी टाचण्या काढून ठेवतात.

त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याच्या पातळीखालची एक खोली. तीन पायऱ्या उतरून आत जायचं. एक मोटरवरचं मशीन, एक जुनं पायाचं, कापणीचं लांब टेबल आणि छतापर्यंत गेलेली दोऱ्यांच्या रिळांची मांडणी. खिडकी रस्त्याला लागून होती, त्यामुळे आतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. काकू चपलेच्या झिजेवरून माणूस ओळखत. तीस वर्षं त्या तिथे बसून शिवत होत्या, आणि त्यांचा टाका उसवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. नवं काही शिवण्यापेक्षा जुन्याला जीव लावण्यात त्यांचा हात जास्त चाले. चेन बदलणं, बाही आखूड करणं, विटलेल्या कोटाला नवं अस्तर लावणं.

त्रेपन्नाव्या वर्षी एका सकाळी दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे घेऊन त्या उतरत होत्या. मधल्या पायरीवर पाय सटकला. पडताना माणूस जे करतं तेच त्यांनी केलं, गठ्ठा टाकून हात पुढे केला. सगळा भार उजव्या मनगटावर आला आणि मनगट मोडलं.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण भीतीला कोणी प्लास्टर घातलं नव्हतं. ती मोकळी राहिली आणि वाढत गेली.

आधी पायऱ्यांची भीती बसली. काकू त्या पाठमोऱ्या उतरू लागल्या, शिडी उतरावी तशा. मग ओल्या फरशीची. मग स्टुलावर चढायची. वरच्या खणातलं रीळ हवं असलं की गिऱ्हाइकालाच सांगत, "तेवढं जांभळं काढता का हो, तुम्ही उंच आहात." गिऱ्हाईक त्यांच्याहून बुटकं असलं तरी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात, काकू तर पाणीही फुंकून प्यायला लागल्या होत्या.

घरात याला खतपाणीच मिळालं. त्यांचे यजमान बसच्या डेपोत मेकॅनिक. मितभाषी माणूस, पण प्रेम हाताने करायची सवय. त्यांनी घरभर लोखंडी दांडे बसवले. न्हाणीघरात एक, दारापाशी एक, पलंगाशी एक. घरात वावरताना बसमध्ये उभं असल्यासारखं वाटे. आणि वन्सं होत्याच. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण, टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, यांच्याकडेच राहणारी. जगात कुठे कोण घसरून पडलं याची बातमी त्यांच्याकडे सर्वांत आधी पोचे.

"जपून गं," वन्सं म्हणत. "माझ्या ऑफिसातली ती आठवते ना? खुब्याचं हाड. नुसती मोजे घालत होती."

वर्ष असं गेलं. आणि मग एके दिवशी खिडकीतून काकूंना अनोळखी पाय दिसले. रुंद, कापडी बूट घातलेले, आणि पायरीवर न बघता धपाधप उतरणारे.

आत आल्या त्या साठीच्या एक बाई. केस बारीक कापलेले, खांदे कपाटाएवढे, आणि एक कान पिळून तसाच वाळवलेल्या कपड्यासारखा चुरगळलेला. त्यांनी टेबलावर एक भलंमोठं गाठोडं टाकलं. आत पांढरी जाकिटं होती, जाड, खरखरीत कापडाची, आणि एकूण एक फाटलेली. कुणाची गळपट्टी निघालेली, कुणाची बाही काखेतून लोंबणारी.

काकूंनी टाचण्या काढून ठेवल्या.

"ही कुणी फाडली हो?"

"एकमेकींनी," त्या बाई म्हणाल्या. "ज्यूडो शिकवते मी. मागच्या गल्लीत, छापखान्याचं जुनं गोदाम आहे ना, तिथे. आमच्यात पकड कपड्याचीच असते. शिवून मिळतील?"

"माझ्याकडे आलेलं काही न शिवता जात नाही," काकू म्हणाल्या.

दोन सुया मोडल्यावर काकूंनी अठरा नंबरची सुई लावली, दुहेरी दोरा घेतला आणि आठवडाभर राबून जाकिटं शिवून दिली. दहाव्या दिवशी त्यातली पाच परत आली. फाटून. तीही गळपट्टीच्या त्याच जागी, काकूंच्या टाक्यावरच.

ज्यूडोच्या बाईंनी अगदी सहज सांगितलं, "असं होतंच. कुणी कितीही शिवलं तरी." पण काकूंच्या ते जिव्हारी लागलं. टाका उसवला तो उसवला, पण का उसवला हे कळत नव्हतं. कपडा कुठून ओढला जातो हे बघितल्याशिवाय कळणारही नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मापपट्टी गळ्यात तशीच ठेवून, भिंतीच्या कडेकडेने मागच्या गल्लीत गेल्या.

गोदामात जमिनीभर हिरव्या गाद्या अंथरल्या होत्या. दहा-बारा बायका दोघी-दोघींनी एकमेकींची जाकिटं धरून झुलत होत्या. काकू दाराशी ठेवलेल्या बाकावर बसल्या. तेवढ्यात समोरच्या जोडीतली एक जण वळली, वाकली, आणि दुसरी तिच्या पाठीवरून जी उडाली ती धाडदिशी गादीवर आदळली.

काकूंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पडलेली बाई उभी राहून कमरेचा पट्टा नीट करत होती आणि "छान होती ही" म्हणत होती.

अर्धा तास त्या बघत राहिल्या. आल्या होत्या गळपट्टी बघायला. ती त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळली. ओढ सरळ खाली येत नव्हती, तिरपी येत होती, खांद्यावरून विरुद्ध कमरेकडे. टाकाही तिरपाच हवा होता, चौकटीत. उरलेला वेळ त्या पडणाऱ्यांकडे बघत होत्या. एवढ्या बायका, एवढ्या वेळा पडत होत्या, आणि हात पुढे एकही करत नव्हती. पडताना सगळ्या जणी हाताने गादीवर एक सणसणीत चापट मारत. गोदामभर तो आवाज घुमत होता.

त्यांत एक कृश बाई होत्या, पांढरी वेणी, वय काकूंपेक्षा नक्की दहा वर्षांनी जास्त. लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्या त्यांना लायब्ररीताई म्हणत. त्या आपटल्या, उठल्या, आणि वेणी बांधायला बाकापाशी आल्या.

"लागत नाही?" काकूंनी विचारलं.

"लागतं की. पण पडायला शिकलं की कमी लागतं."

"पडायला शिकायचं असतं?"

"पहिले दोन महिने तेच. मी साठीला आले इथे. दुसऱ्याला पाडायचं कसं ते फार पुढे."

काकूंनी पाचही गळपट्ट्या तिरप्या चौकटीत शिवल्या, आत सुती पट्टी घालून. त्या टिकल्या. ज्यूडोच्या बाई, ज्यांना तिथे सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आभार मानायला आल्या तेव्हा एक जास्तीचं जाकीट घेऊन आल्या. "तुमच्या मापाचं आहे. घालून बघा कधी."

"छे हो," काकू म्हणाल्या. "मला पायऱ्या उतरता येत नाहीत." आणि जाकीट त्यांनी मांडणीच्या खालच्या खणात ठेवून दिलं.

ते तिथेच राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी काकू दुकान बंद करून वर आल्या, तर शेजारच्या दुकानदाराने फुटपाथ साबणाच्या पाण्याने धुतलेला. वीस पावलांची चकचकीत ओली फरशी. काकूंनी शटरचा दांडा धरला आणि त्या तिथेच थिजल्या. फरशी वाळायची वाट बघू, असं त्यांनी ठरवलं. फरशी वाळेना. ओळखीच्या एक-दोघी गेल्या. "काय काकू, उभ्या कशा?" "यांची वाट बघतेय," काकू हसून म्हणाल्या. हे येणार नव्हते. हे डेपोतून थेट घरी जात.

पाऊण तासाने काळजी वाटून यजमान शोधत आले. शटर धरून उभ्या असलेल्या बायकोकडे त्यांनी बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि कोपर पुढे केलं. कोपर धरून काकू ती वीस पावलं चालल्या. कोपऱ्यावर आल्यावर यजमान म्हणाले, "उद्यापासून मी रोज येत जाईन तुला न्यायला."

किती मायेने म्हणाले होते. पण ते ऐकलं आणि काकूंना पुढली वीस वर्षं समोर दिसली. रोज संध्याकाळी शटर धरून उभी असलेली आपण, आणि दमूनभागून वाट वाकडी करून येणारे हे.

"नको," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून मी ज्यूडोला जाणार आहे."

यजमान थांबले. "कशाला?"

"पडायला."

घरी हे कळल्यावर वन्सं पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, हा त्या घरातला विक्रम होता. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना विचार आधी. ते तुला वेड्यात काढतील." आणि स्वतःच बरोबर गेल्या. डॉक्टरांनी मनगट दाबून, फिरवून बघितलं, नवा एक्स-रे काढला, हाडांची तपासणी करून घेतली.

"डॉक्टर, नाही म्हणा हिला," वन्सं म्हणाल्या.

"म्हणालो असतो," डॉक्टर कागद बघत म्हणाले, "पण कारण सापडत नाहीये."

सोमवारी काकूंनी जाकीट घातलं. बटणं नाहीत, काज नाही, नुसता पट्टा. आपण घरच्या कपड्यांवर गाऊन चढवून भलत्या ठिकाणी आलोय असं त्यांना वाटलं. बाईंनी त्यांना गादीवर उताणं झोपवलं आणि सांगितलं, "हनुवटी छातीला. पट्ट्याच्या गाठीकडे बघा. आता दोन्ही हात बाजूला आपटा. श्वास सोडत."

झोपूनच पडायचं. हे काकूंना जमलं. पहिले दोन दिवस त्यांनी एवढंच केलं आणि घरी येऊन म्हणाल्या, "काही विशेष नाही गं बाई."

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना बसवलं आणि बसल्या जागेवरून मागे जायला सांगितलं. तेही झालं. मग उकिडवं बसवलं. उकिडव्या माणसाच्या बुडाला जमिनीपासून अंतर ते किती, वीतभर. तेवढ्या वीतभरापाशी काकूंची पाचावर धारण बसली. मागे जायचं म्हटलं की उजवा हात आपोआप मागे जाई आणि जमीन शोधू लागे.

"हात नका टेकवू," बाई म्हणाल्या. "मनगट मोडतं ते तसंच."

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "हाताला ठाऊक नाहीये."

दोन आठवडे गेले. काकू येत, जाकीट घालत, उकिडव्या बसत आणि तशाच राहत. आजूबाजूला बायका पाखरांसारख्या उडत होत्या आणि या वीतभर उंचीवर अडकून. शेवटी त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही ढकला मला. एकदाचं होऊन जाऊ दे."

बाई त्यांच्या समोर मांडी घालून बसल्या. "नाही ढकलणार. ढकललं तर तुम्ही पडाल, पण पडायला शिकणार नाही. बसा. मला घाई नाही."

आणि खरंच बसून राहिल्या. त्या बाकीच्या बायकांना हाताने खुणा करून सूचना देत होत्या, पण उठत नव्हत्या. काकूंच्या मांड्या थरथरायला लागल्या. उकिडवं बसणं सोपं नसतं, चौपन्नाव्या वर्षी तर नाहीच. पाय दुखत दुखत अशा टोकाला आले की पडण्यापेक्षा बसून राहण्याचा त्रास जास्त झाला. काकूंनी हनुवटी छातीला लावली, पट्ट्याच्या गाठीकडे बघितलं, आणि गेल्या मागे.

चापट बसली. आवाज चांगला आला. वरती गोदामाचं पत्र्याचं छत दिसलं, त्यातला एक पत्रा जरासा उचकटलेला.

"झालं?" काकूंनी झोपूनच विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता दहा वेळा."

त्या दिवशी त्या घरी आल्या त्या मान अवघडलेली आणि चेहरा फुललेला. यजमान म्हणाले, "दाखव तरी काय करतेस." काकूंनी पलंगावरच्या दोन्ही गाद्या जमिनीवर ओढल्या आणि उकिडव्या बसून मागे पडून दाखवलं. यजमानांना ते फारच सोपं वाटलं. गुडघे दुखत असूनही ते म्हणाले, "सरक, बघू मला जमतं का." आणि पडले ते आडवे, वन्संच्या पायांवर, कारण वन्सं तेवढ्यात काय आदळलं बघायला दारात आल्या होत्या.

"एक खुळं होतं ते पुरत नव्हतं का?" वन्सं भिंत धरून ओरडल्या. तिघं नंतर कितीतरी वेळ हसत बसले.

पुढे उभं राहून मागे पडणं आलं, मग कुशीवर पडणं, मग खांद्यावरून कोलांटी. प्रत्येकाशी काकूंचा नव्याने झगडा झाला. एक शिकलं म्हणून दुसऱ्याची भीती कमी वाटली, असं काही घडलं नाही. डाव्या खांद्यावरची कोलांटी यायला दीड महिना लागला. मध्ये एकदा त्यांनी पंधरा दिवस जाणंच सोडलं. कोणी विचारलं तर म्हणत, "लग्नाच्या कपड्यांची घाई आहे." लायब्ररीताई एक दिवस दुकानात येऊन बसल्या. मांडणीवरची रिळं रंगांप्रमाणे लावत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "गुरुवारी मला जोडीदार नाहीये. या ना." काकू गेल्या.

त्याच गुरुवारी लायब्ररीताईंनी त्यांना पहिल्यांदा फेकलं.

काकूंच्या डोक्यात वर्षभर जे भूत बसलं होतं ते हेच. पाय जमिनीवरून सुटणं. लायब्ररीताईंनी एका हाताने बाही धरली, दुसरा पाठीमागून घेतला आणि त्या वळल्या. काकूंना कळलं की आपले पाय आता खाली नाहीत. क्षणभर काहीच कुठे लागत नव्हतं. श्वास छातीत अडकला, मग बाई कुठूनशा ओरडल्या, "सोडा!" आणि काकूंनी श्वास सोडला. गादी पाठीला लागली, हात आपटला, आणि लायब्ररीताई त्यांची बाही घट्ट धरून वर उभ्या होत्या.

"धरून ठेवलं होतं मी," त्या म्हणाल्या. "फेकणाऱ्याने सोडायचं नसतं. तेही नियमातच आहे."

काकू उठल्या नाहीत. पडल्या पडल्या त्यांनी एक एक अवयव तपासला, मनगट, कोपर, खुबा. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांना रडूही आलं आणि हसूही, आणि दोन्ही थांबल्यावर त्या म्हणाल्या, "परत."

दुकानात आता वेगळीच अडचण झाली. दंडावर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले. एका गिऱ्हाइकाने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकू, घरी सगळं बरं आहे ना?" काकूंनी टाचण्या काढून ठेवल्या आणि अर्धा तास ज्यूडो समजावून सांगितला. तरी ती बाई जाताना यजमानांकडे संशयानेच बघत गेली. ते बिचारे फक्त डबा द्यायला आले होते.

पडणं अंगवळणी पडल्यावर बाईंनी त्यांना पाडायला शिकवायला घेतलं, आणि तिथे एक गंमत झाली. काकू ताकदीने बेताच्या, चपळाई नाही, दमही कमी. पण हातात जाकीट आलं की त्यांना पलीकडच्या माणसाचा भार कळे. कुठल्या पायावर आहे, कुठे सरकणार आहे, कापडाच्या ताणावरून. तीस वर्षं अंगावर कपडा कुठे खेचतो आणि कुठे ढिला पडतो हेच त्या बघत आल्या होत्या.

"तुमचे हात वाचतात हो," बाई म्हणाल्या. "आता पायांनाही शिकवू."

पायांना शिकवायला आणखी सहा महिने गेले. पिवळा पट्टा मिळाला. आणि मग बाईंनी जाहीर केलं की शेजारच्या शहरात स्पर्धा आहे, पन्नाशीच्या वरच्या बायकांचा वेगळा गट आहे, आणि त्यात त्यांनी काकूंचं नाव घातलं आहे.

"मला न विचारता?" काकू म्हणाल्या.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी काकू त्या मोठ्या क्रीडागृहाच्या स्वच्छतागृहात जाऊन बसल्या आणि बाहेर येईनात. बाईंनी दारावर टकटक केलं.

"बाई, माझे हातपाय गळालेत," आतून आवाज आला.

"उत्तम. ताठ हातापायांनी ज्यूडो होत नाही. या बाहेर."

काकू बाहेर आल्या. बाकांवर यजमान डेपोतून रजा टाकून बसले होते. शेजारी वन्सं, मांडीवर पर्स, पर्समध्ये मलम, बँडेज आणि अस्थितज्ज्ञाचा फोन नंबर. गटात चारच जणी होत्या, म्हणजे प्रत्येकीच्या निदान दोन लढती व्हायच्याच.

पहिली लढत पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका बाईंशी झाली. पीठ मळून मळून त्यांचे दंड तयार झालेले. काकूंनी नमस्कारासाठी वाकून मान वर केली, पंचाने सुरू म्हटलं, काकूंनी गळपट्टीला हात लावला, आणि छत बघितलं. अकरा सेकंदं. पूर्ण गुण, लढत खलास. बाकावरून वन्संचा आवाज आला, "अहो, तिला तयार तरी होऊ द्यायचं!"

काकू गादीवरून उतरल्या तेव्हा बाईंना वाटलं, या आता कोसळणार. पण काकू विचारात पडल्या होत्या. "पडताना मी हात पुढे केला नाही," त्या म्हणाल्या. "बघितलंत?"

"बघितलं. दुसऱ्या लढतीत उजवा पाय आणखी पुढे घ्या."

दुसरी बाई ट्रक चालवणारी होती. उंच, शांत, हात लांबच लांब. ती घाई करणारी नव्हती. दोघी एकमेकींना धरून फिरत राहिल्या. काकूंना घाम सुटला, कान तापले, बाहेरचे सगळे आवाज बंद झाले. राहिली फक्त हातातली बाही. त्या बाहीतून त्यांना कळलं की ट्रकवाल्या बाई डावीकडे सरकताना क्षणभर टाचेवर येतात. एकदा आल्या. दुसऱ्यांदा आल्या. तिसऱ्यांदा काकूंनी वाट बघितली नाही. डाव्या हाताने बाही ओढली, वळल्या, पाय आडवा घातला, आणि ती एवढी उंच बाई त्यांच्या कमरेवरून जाऊन कुशीवर पडली.

पाठीवर पडली असती तर पूर्ण गुण होता. कुशीवर पडल्याचा अर्धा मिळाला. पण यजमान बाकावर उभे राहिले होते आणि त्या मितभाषी माणसाने बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की पंचानेही वळून बघितलं.

काकूही बघत राहिल्या, तीच चूक झाली. ट्रकवाल्या बाई उठल्या नाहीत. त्यांनी पडल्या पडल्या काकूंना खाली ओढलं, वर आल्या आणि दाबून धरलं. वीस सेकंदं धरलं की जिंकलं. काकूंनी कंबर उचलली, कूस वळवली, पाय झाडले. पंधरा मोजले, अठरा मोजले. वीस झाले.

दोन्ही लढती हरून काकू चौघींत चौथ्या आल्या. नमस्कार करून खाली उतरल्या तेव्हा वन्सं मलम हातात घेऊन वाटेत उभ्या होत्या. त्यांनी काकूंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. लावायला जागा सापडली नाही.

"काय गं," त्या हळूच म्हणाल्या, "ती पडली तेव्हा कसं वाटलं?"

"जड," काकू म्हणाल्या. "पण बरं."

बक्षीससमारंभ सुरू झाला तेव्हा यजमान काकूंना शोधत बाहेरच्या पॅसेजमध्ये आले. तिथे चहाच्या टेबलाशी त्या ट्रकवाल्या बाईंबरोबर उभ्या होत्या. दोघींचे चहाचे पेले खिडकीत गार होत होते.

"मला कळलंच नाही," ट्रकवाल्या बाई खांदा चोळत विचारत होत्या. "तुमचा डावा हात तेव्हा काय करत होता?"

"काही नाही, ऐकत होता. असं धरा बघू. घट्ट नको, सैल. आता चाला." त्या बाई चालल्या. "बघा, इथे. इथे येता तुम्ही टाचेवर."

"अरेच्चा!"

"आणि मला सांगा, खाली धरून ठेवलंत तेव्हा मी कूस वळवणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"ते होय? थांबा, दाखवते. पण त्यासाठी झोपावं लागेल."

यजमान म्हणाले, "अगं, बस सुटेल."

"दोन मिनिटं हं," काकू म्हणाल्या, आणि पॅसेजच्या फरशीवर उताण्या झोपल्या.